टोंगाचा लाइनमन नुसत्या अंगापिंडावर घडत नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

टोंगात जन्मलेल्या आणि अमेरिकन फुटबॉलमध्ये नाव काढलेल्या लाइनमनवर (पुढच्या रेषेत टक्कर घेणाऱ्या जड खेळाडूवर) आपल्या क्रीडापानाने चांगली अर्ध्या पानाची जागा दिली. क्रिकेट सोडून कशाला तरी जागा मिळाली याचा आनंदच आहे. पण मजकुराचा एकूण सूर असा होता की बेटावरचे एक आडमाप पोरगे कुणाच्या तरी नजरेत भरले, विमानात बसले आणि डॉलर मोजू लागले. हा सूर निरुपद्रवी नाही. आमच्या भागात अंगाने थोराड पोट्टे गावोगाव आहेत. ‘शंभर किलोवरच्या मुलांना अमेरिकेत फुटबॉल शिष्यवृत्ती’ अशा जाहिराती मोबाइलवर फिरतात आणि दाखल्याला टोंगाच्याच खेळाडूंचे फोटो असतात. बाप लोक कापसाच्या चुकाऱ्यातून नोंदणी फी भरायला निघतात. म्हणून हा रस्ता खरा कसा आहे आणि माणूस त्यावर कुठे कुठे अडतो, हे आपल्याच पानावर छापून यावे, एवढ्यासाठी हे पत्र.

टोंगा म्हणजे प्रशांत महासागरातले सुमारे १७० बेटांचे राज्य. लोकसंख्या लाखभर, आपल्या अचलपूर शहराएवढी. तिथला खेळ रग्बी. तरी तिथे जन्मलेले लाइनमन एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये, एकामागून एक दिसतात: सिउपेली मालामाला, स्पेन्सर फोलाउ, माके केमोएआटू, ड्यूस लुटुई, स्टार लोटुलेले. यांतला एकही बेटावरून थेट व्यावसायिक संघात गेलेला नाही. मुले अमेरिकेतल्याच शाळा-कॉलेजांत खेळली. शाळा युटा, हवाई, कॅलिफोर्निया, ॲरिझोना या राज्यांतल्या. त्यामागे मॉर्मन चर्च या ख्रिस्ती पंथाचा मोठा हात आहे. त्याचे मुख्यालय युटातल्या सॉल्ट लेक सिटीत, हवाईत त्यांचे विद्यापीठ आणि टोंगात एकोणिसाव्या शतकापासून त्यांचे काम. नातेवाइकांमागून नातेवाईक गेले, वस्त्या झाल्या. १९८६ मध्ये वाई सिकाहेमा हा पहिला टोंगन एनएफएलमध्ये उतरला. तो लाइनमन नव्हे, चेंडू घेऊन पळणारा. पण त्याच्यामुळे पुढच्या पोरांना हा दरवाजा आहे हे कळले. थोडक्यात, टोंगात जन्मलेल्या मुलाला अमेरिकेची शाळा आणि तिथली मैदाने आधी मिळाली, खेळ नंतर. आपल्याकडच्या जाहिराती नेमका हाच भाग गाळतात.

स्टार लोटुलेलेचेच उदाहरण घ्या. जन्म डिसेंबर १९८९, टोंगा. नवव्या वर्षी कुटुंबासोबत युटात. साउथ जॉर्डनच्या बिंगहॅम हायस्कूलकडून खेळला. शाळा संपली तेव्हा मोठ्या विद्यापीठांना तो हवा होता, पण गुण कमी पडले. मग स्नो कॉलेजात एक हंगाम. नंतर तेही सुटले आणि गडी फर्निचर उचलायच्या कामाला लागला. त्यातून परत उभा राहून युटा विद्यापीठाच्या संघात आला आणि २०११ मध्ये त्याने मॉरिस ट्रॉफी मिळवली. हा पुरस्कार पत्रकार ठरवत नाहीत. ज्यांच्याशी हंगामभर टक्कर घेतली ते समोरचे लाइनमनच मत देतात. २०१३ च्या ड्राफ्टमध्ये (एनएफएल संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात) कॅरोलिना पँथर्सने त्याला पहिल्या फेरीत, एकूण १४ व्या क्रमांकावर घेतले. २०१८ मध्ये बफेलो बिल्ससोबत पाच वर्षांचा ५ कोटी डॉलरचा करार झाला, कोविडमुळे २०२० चा हंगाम त्याने सोडला, २०२१ ला परतला आणि २०२२ च्या मार्चमध्ये संघाने त्याला मोकळे केले. म्हणजे पाच वर्षांच्या करारातली मैदानावरची वर्षे तीनच. करारातला आकडा आणि हाती पडणारा पैसा यांतला फरक पुढे सांगतो.

आधी स्नो कॉलेज, कारण सगळ्या गोष्टीची खरी गुरुकिल्ली तिथे आहे. युटातल्या एफ्राइम या छोट्या गावातले हे दोन वर्षांचे कॉलेज. आजूबाजूला शेती आणि टर्की पक्ष्यांचे पालन. (हे बारावीनंतरचे असते. आपल्या अकरावी-बारावीच्या कॉलेजाशी त्याचा संबंध नाही.) लोटुलेले तिथला, लुटुई तिथला आणि ऑकलंडमध्ये जन्मून टोंगात वाढलेला स्टीफन पेआही तिथलाच. एका खेड्यातल्या कॉलेजातून तीन लाइनमन, तिघेही पुढे ड्राफ्टच्या पहिल्या दोन फेऱ्यांत. ताकद या मुलांकडे आधीपासून होती, अडले होते ते कागद.

अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांचे खेळ एनसीएए ही संस्था चालवते. तिच्या पहिल्या विभागात खेळायचे तर नववी ते बारावीत १६ ठरावीक विषय-वर्षे पूर्ण लागतात: इंग्रजीची चार, गणिताची तीन, विज्ञानाची दोन, बाकी सामाजिक शास्त्रे आणि इतर. त्यांत सरासरी किमान २.३ लागते, चारच्या मापावर. सॅटसारखी प्रवेशपरीक्षा २०२३ पासून पात्रतेसाठी सक्तीची राहिली नाही. आपल्याकडचा पहिलवान पोरगा दहावी झाली की कला शाखा घेतो आणि गणित सोडतो. तालमीला वेळ मिळावा म्हणून सोडतो, पण अमेरिकेचा विचार असेल तर पहिली ठेच इथेच. दुसरी ठेच नववीच्या गुणपत्रिकेची. ती कुणी जपून ठेवत नाही. शाळेतून दुसरी प्रत काढताना नाकी नऊ येतात. मुलाच्या डोक्यात असे काही असेल तर नववीपासूनच्या चारही गुणपत्रिका, शाळेचा शिक्का आणि इंग्रजी प्रमाणित भाषांतर यांची फाइल आजच करा. दोन वर्षांच्या कॉलेजांना हा १६ विषयांचा नियम लागू नाही, म्हणून गुण कमी असलेले खेळाडू तिकडे जातात. तिथे पदवी किंवा पुरेसे क्रेडिट मिळवून मोठ्या विद्यापीठात बदली घेतात. आपल्या मुलाला तिथेही विद्यार्थी व्हिसा, राहण्या-जेवण्याचा खर्च आणि विमा लागणारच.

आता लाइनमन करतो काय. आपल्या मजकुरात तो ‘समोरच्याला आडवा करतो’ एवढेच होते. मैदान १०० यार्डांचे, दोन्ही टोकांना आणखी १०-१० यार्ड, रुंदी ५३ यार्ड १ फूट. अकरा विरुद्ध अकरा. चढाई करणाऱ्या संघाला चार डावांत १० यार्ड पुढे सरकायचे असते. चढाईच्या संघाचे किमान सात जण रेषेवर उभे राहावे लागतात. त्यांतले मधले पाच, म्हणजे एक सेंटर, दोन गार्ड, दोन टॅकल, हे ऑफेन्सिव्ह लाइनमन. पुढे फेकलेला चेंडू झेलायची त्यांना परवानगी नसते. त्यांचे काम वाट करून देणे आणि क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या सूत्रधाराला, वाचवणे. समोर बचावाचे तीन किंवा चार लाइनमन. एक डाव चार-सहा सेकंदांत संपतो, मग पुढच्या डावापर्यंत ४० सेकंदांचे घड्याळ. असे सामनाभर साठ-सत्तर वेळा. आपल्या मातीतल्या कुस्तीसारखी लांबलेली झोंबी इथे नसते. इथे ठिणगी, विश्रांती, परत ठिणगी. सरावही तसाच बांधावा लागतो: पाच-सहा सेकंद पूर्ण जोर, तीस-पस्तीस सेकंद थांबा, असे आठ-दहा वेळा, मग तीन मिनिटे मोकळे. पहाटे पाच किलोमीटर पळवून लाइनमन होत नाही, गुडघे तेवढे जातात.

उभे राहण्यापासून सुरुवात. एक हात जमिनीवर, तोही तळहात नव्हे, बोटांच्या टोकांवर. पाय खांद्याएवढे फाकलेले, मागच्या पायाचा अंगठा पुढच्या पायाच्या मधल्या भागाच्या रेषेत. कंबर खांद्यांपेक्षा किंचित वर, मान सरळ, नजर वर. बचावाच्या लाइनमनने चेंडू हलला की सुटायचे. क्वार्टरबॅकची हाक हे आमिष असते. त्यावर सुटला की ऑफसाइड, पाच यार्ड दंड. पहिले पाऊल लहान, वीतभर, पण बुंग. दुसरे पाऊल समोरच्याच्या दुसऱ्या पावलाआधी पडले पाहिजे. हात आतून: अंगठे वर, कोपरे बरगड्यांलगत, तळव्याची गादी समोरच्याच्या छातीवरच्या पॅडच्या खालच्या कडेला. तिथून कंबर पुढे ढकलून उचलायचे. ज्याचे खांदे खाली, त्याची सरशी.

चुकते कुठे? नव्या पोरांचे सगळ्यात आधी हे होते की ती पहिल्या पावलालाच ताठ उभी राहतात. मग १४० किलोचा माणूसही ११० किलोच्याकडून मागे जातो. दुसरे, हात बाहेरून येतात. बगल उघडी पडते. तिसरे आणि धोक्याचे, डोके आधी जाते. डोके खाली घालून हेल्मेटने धडकणे एनएफएलमध्ये २०१८ पासून १५ यार्डांचा गुन्हा आहे, आणि नियम नसता तरी मानेचा मणका तेवढ्याने जातो. कबड्डीतून आलेल्या मुलांची खोड वेगळी. पकडून आपल्याकडे ओढायची सवय हाडात भिनलेली. बचावात चेंडूवाल्याला पकडा, हरकत नाही. पण चढाईच्या लाइनमनने समोरच्याच्या खांद्याबाहेर हात गुंतवून ओढले की होल्डिंग, १० यार्ड. आणि मागून पायांत शिरणे तर क्लिपिंग, १५ यार्ड.

लोटुलेलेची खरी किंमत इथे समजते. त्याच्यावर बहुतेक वेळा दोन-दोन जण यायचे. अशा वेळी मागे न हटता, ज्या बाजूने दाब येतो तिकडचे ढुंगण आणि गुडघा खाली टाकून अंग अरुंद करायचे आणि दोघांनाही आपल्यात अडकवून ठेवायचे. मग त्याच्या मागे उभा असलेला बचावपटू, लाइनबॅकर, मोकळा राहतो आणि चेंडूवाल्याला धरतो. कॅरोलिनात तो लाइनबॅकर ल्यूक कीकली होता. गुणतक्त्यात कीकलीचे नाव यायचे, लोटुलेलेच्या नावापुढे फारसे काही नाही. कॅरोलिनाने २०१५ च्या हंगामात १६ पैकी १५ सामने जिंकले आणि सुपर बोल ५० पर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत, धडक मारली. तिथे डेन्व्हरकडून हरले. आकडे पाहून लाइनमनची पारख करणाऱ्या पत्रकारांनी हे ध्यानात घ्यावे. ‘इतक्या सामन्यांत इतकेच सॅक’ (म्हणजे क्वार्टरबॅकला चेंडूसकट पाडणे) हे वाक्य अशा खेळाडूबद्दल लिहिणे म्हणजे यष्टिरक्षकाला विकेट किती घेतल्या असे विचारणे.

कुस्तीवाल्यांनी एक नाव पाठ करावे: स्टीफन नील. टोंगाचा नव्हे, कॅलिफोर्नियाचा. विद्यापीठ पातळीवरचा राष्ट्रीय विजेता मल्ल. कॉलेजात फुटबॉल खेळलाच नाही. २००१ मध्ये न्यू इंग्लंड पॅट्रियट्सने ड्राफ्टबाहेरून घेतला आणि गार्ड म्हणून तो तीन विजेत्या संघांत राहिला. कंबर खाली ठेवणे, तोल ओळखणे आणि समोरच्याचा जोर त्याच्यावरच उलटवणे, एवढे तीन गुण कुस्तीतून आयते मिळतात. पण त्यालाही पक्की जागा मिळवायला वर्षे लागली. ज्यांना तालमीतच काही सुरू करायचे असेल त्यांनी ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाचे जुने टायर आणावे, त्यात वाळूची पोती टाकावी आणि १० मीटर ढकलायला लावावे. पाच-सहा सेकंदांत आणि पाठ न उचलता जाईल एवढेच वजन ठेवा. पाठ वर आली की पोते कमी करा. पोरे ऐकत नाहीत, पोती वाढवत नेतात. मग शिकतात ती नेमकी ताठ उभे राहायची सवय.

इंडियानापोलिसला दरवर्षी ड्राफ्टआधी जो कंबाइन, म्हणजे खेळाडूंची चाचणी, होतो त्यात ४० यार्ड, म्हणजे ३६.६ मीटरची धाव घेतात. लाइनमनच्या बाबतीत जाणकार पाहतात त्यातले पहिले १० यार्ड, कारण सामन्यात तो त्यापुढे क्वचितच सरळ पळतो. दुसरी प्रसिद्ध चाचणी १०२ किलोचा बेंच प्रेस, जमेल तितक्या वेळा. पेआने २०११ मध्ये ४९ वेळा उचलला. ड्राफ्टमध्ये तो गेला ५३ व्या क्रमांकावर. आधी निवडलेल्या ५२ जणांपैकी एकानेही तेवढे उचलले नव्हते. जिमच्या भिंतीवर त्याचा फोटो लावणाऱ्यांनी त्याखाली हेही लिहावे.

वजनाबद्दल आपल्याकडे सगळ्यात जास्त गैरसमज आहे. लोटुलेले १८८ सेंटिमीटर उंच, वजन १४० किलोच्या आसपास. पण हे वजन वाढवायचे जितके, तितकेच आवरायचे असते. ड्यूस लुटुई हा टोंगाच्या हापाई बेटसमूहात जन्मलेला गार्ड. २००६ मध्ये ॲरिझोना कार्डिनल्सने दुसऱ्या फेरीत घेतला, फेब्रुवारी २००९ चा सुपर बोल खेळला. २०११ मध्ये सिनसिनाटीशी करार ठरला, पण वजनामुळे शारीरिक तपासणीत नापास झाला आणि करार रद्द. परत ॲरिझोनात यावे लागले. म्हणजे भरपूर अंगाच्या खेळातही अंग जास्त झाले म्हणून माणूस घरी जातो.

१७-१८ वर्षांच्या, शंभर किलोच्या मुलाचे वजन आठवड्याला पाव ते अर्धा किलो वाढले तर पुरे. त्याहून भराभर वाढले तर ते बहुतेक पोटावर जाते. दर पंधरा दिवसांनी तीन गोष्टी लिहून ठेवा: वजन, बेंबीवरचा घेर, आणि १० मीटर धावेची वेळ. वजन वाढले आणि वेळ तीच राहिली तर ठीक. घेरही वाढला आणि वेळही वाढली तर भात, साखर आणि तळण कमी करा. प्रथिने वजनाच्या किलोमागे १.६ ते २ ग्रॅम धरा, म्हणजे या मुलाला दिवसाला १६० ग्रॅम तरी. डबे लागत नाहीत. आठ अंडी ४८ ग्रॅम, एक लिटर दूध ३२, शंभर ग्रॅम तुरीची डाळ २२, तीनशे ग्रॅम ज्वारीच्या भाकरी ३०, पन्नास ग्रॅम सोयाबीन १८, पन्नास ग्रॅम शेंगदाणे १२, बेरीज १६२. सोयाबीन भिजवून नीट उकडूनच द्या, कच्चे किंवा अर्धवट शिजलेले पचत नाही. तालुक्याच्या दुकानात मिळणाऱ्या पावडरींत काय असते ते डब्यावर लिहिलेले असेलच असे नाही, आणि एनसीएएच्या उत्तेजक चाचणीत ‘मला माहीत नव्हते’ हे उत्तर चालत नाही. मुलगा घोरत असेल, झोपेत श्वास अडकत असेल आणि गळ्याचा घेर ४३ सेंटिमीटरच्या वर असेल तर वजन वाढवायचे थांबवून आधी डॉक्टर.

तपासणीचा मुद्दा निघालाच आहे तर लोटुलेलेचे हृदय. २०१३ च्या कंबाइनमध्ये त्याच्या इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) डावा कप्पा दर ठोक्याला ४४ टक्केच रक्त बाहेर टाकतो असे दिसले. सर्वसाधारण आकडा ५५ ते ७०. त्याला तिथे पळू दिले नाही. पुढच्या तपासण्यांत हृदय ठीक निघाले, तो कमी आकडा विषाणूच्या आजारामुळे तात्पुरता आला असावा असे ठरले आणि मग ड्राफ्ट झाला. इको आणि ईसीजी या दोन तपासण्या आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी होतात. जड वजनाच्या मुलाला जोरकस सरावाला लावण्याआधी त्या करून घेणे हा चैनीचा खर्च नव्हे. दुसरे उदाहरण केमोएआटू भावांचे. धाकटा क्रिस पिट्सबर्गचा गार्ड, थोरला माके बाल्टिमोरचा नोज टॅकल, म्हणजे बचावाचा मधला लाइनमन. दोघेही सुपर बोल विजेते. क्रिसचे मूत्रपिंड निकामी झाले आणि २०१४ मध्ये माकेने आपले एक मूत्रपिंड त्याला दिले. कारणांत आम्ही शिरत नाही. पण सराव दुखतो म्हणून रोज मेडिकलमधून दुखण्याची गोळी घेणे, त्यात पाणी कमी पिणे, हे मूत्रपिंडाला वाईट, एवढे डॉक्टर एकमुखाने सांगतात. डोक्याला बसणाऱ्या लहान-लहान धक्क्यांचे दुखणे वेगळेच. २०२२ पासून एनएफएलने सराव शिबिरात लाइनमनना हेल्मेटवर मऊ गादीचे आवरण सक्तीचे केले ते त्यासाठी.

पैशाचे गणित थोडक्यात. ड्राफ्टच्या सात फेऱ्या, ३२ संघ, अडीचशेच्या आसपास निवडी. प्रत्येक संघ उन्हाळी शिबिराला ९० जण नेतो आणि ऑगस्टअखेर ५३ ठेवतो. म्हणजे ३२ संघांतून ११८४ जण एका झटक्यात बाहेर. त्यांतले काही सरावसंघात राहतात. तिथे २०२५ मध्ये आठवड्याला किमान १३ हजार डॉलर. मुख्य संघातल्या नवख्याला त्या वर्षी हंगामाचे किमान ८ लाख ४० हजार डॉलर. पण बहुतेक करारांची सगळी रक्कम हमीची नसते. संघाने सोडले की हमीचा भाग तेवढा हाती. हंगाम जमेस धरायला किमान सहा सामने संघाच्या यादीत असावे लागते. फोलाउ आणि माके केमोएआटू दोघेही ड्राफ्टमध्ये निवडलेच गेले नव्हते, तरी बाल्टिमोरकडून विजेते झाले. तेव्हा ड्राफ्ट म्हणजे शेवट नव्हे, पण अशी उदाहरणे मोजकी. आणि हे कापून ठेवा: एनएफएल खेळाडू संघटनेचा नोंदणीकृत एजंट कराराच्या जास्तीत जास्त तीन टक्के घेतो, तेही खेळाडूला पैसे मिळाल्यावर. आधी नोंदणी फी मागणारा एजंट नव्हे.

मग आपल्या पोरांना दार आहे का? एक आहे, अरुंद. २०१७ पासून एनएफएल इतर देशांतल्या खेळाडूंसाठी इंटरनॅशनल प्लेअर पाथवे चालवते. त्यातून सिडनीचा सामोअन वंशाचा जॉर्डन मायलाटा आला. रग्बी लीग खेळणारा, फुटबॉलचा एकही सामना न खेळलेला. २०१८ मध्ये सातव्या फेरीत २३३ वा, पुढे फिलाडेल्फियाचा पक्का डावा टॅकल आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सुपर बोल विजेता. २०२४ पासून प्रत्येक संघाला अशा खेळाडूसाठी एक जादा जागा मिळते. ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टला आशिया-प्रशांत भागासाठी अकादमीही सुरू झाली आहे. मात्र त्यांची नजर मोठ्या पातळीवर दुसरा खेळ गाजवलेल्यांवर असते. म्हणून आपल्या जड वजनाच्या मुलासाठी आज शहाणपणाचा रस्ता कुस्ती, गोळाफेक किंवा ज्युदोत राष्ट्रीय पातळी गाठण्याचाच आहे. त्याची अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळापासून परंपरा आपल्याकडे आहे. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये फुटबॉल येतो म्हणून शाळांत जी घाई दिसते, तो फ्लॅग फुटबॉल. पाच जणांचा, धडक आणि अडवणूक दोन्ही बंद, कमरेची पट्टी ओढली की डाव संपला. चपळ मुलामुलींसाठी उत्तम खेळ. लाइनमन मात्र त्यातून तयार होणार नाही, कारण त्यात लाइनच नाही.

शेवटी दोन गोष्टी खास विदर्भाच्या. सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार: एनसीएए २०१० पासून पहिल्या विभागातल्या खेळाडूंची सिकलसेल वाहक तपासणी करून घेते. राइस विद्यापीठाच्या एका १९ वर्षांच्या खेळाडूचा २००६ मध्ये सरावात कोसळून मृत्यू झाला, त्यानंतरचा हा नियम. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नागपूर, मेळघाट या पट्ट्यात वाहक पुष्कळ. अनेकांना स्वतःला ठाऊक नसते. सरकारी दवाखान्यात चाचणी होते. वाहक असणे म्हणजे खेळ बंद नव्हे. पिट्सबर्गचा रायन क्लार्क वाहक होता आणि वर्षानुवर्षे एनएफएल खेळला. समुद्रसपाटीपासून मैलभर उंचीवरच्या डेन्व्हरला २००७ मध्ये खेळल्यानंतर मात्र त्याची प्लीहा काढावी लागली. वाहक मुलाला न थांबता एकामागून एक पूर्ण जोराच्या धावा लावू नयेत, दोन धावांत पुरेशी विश्रांती द्यावी, सुटीनंतर सराव हळूहळू वाढवावा. तो पाय लुळे पडल्यासारखा खाली बसला, दुखते पण गोळा आलेला दिसत नाही, बोलतो आहे, तर तो आळशीपणा समजून उठवू नका. सराव थांबवा, पाणी द्या आणि लगेच दवाखान्यात न्या.

आणि ऊन. मिनेसोटाचा टॅकल कोरी स्ट्रिंगर १ ऑगस्ट २००१ रोजी सराव शिबिरातल्या उष्माघाताने गेला, वय २७. शरीराचे तापमान ४२ अंशांच्या वर गेले होते. मिनेसोटा हे थंडीचे राज्य. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ ला टेकतो आणि उन्हाळी शिबिरे नेमकी तेव्हाच. सराव सकाळी सातच्या आत संपवा, पहिले पाच दिवस कमी वेळ आणि अंगावर पॅड नको, जड मुलांना आधी विश्रांती. मुलगा झोकांड्या खाऊ लागला, असंबद्ध बोलू लागला तर उष्माघात समजा, अंगाला घाम असला तरी. काखेतल्या थर्मामीटरवर विसंबू नका, तो कमी दाखवतो. आधी थंड करा, मग हलवा: एकाने १०८ ला फोन लावावा, बाकीच्यांनी त्याला ताडपत्रीवर घ्यावे, चारही कडा उचलून धराव्या आणि दीड-दोनशे लिटर बर्फाचे पाणी ओतून ते हलवत राहावे, डोके वर, एक जण मानेपाशी. पहिल्या अर्ध्या तासात हे झाले तर बहुतेक वाचतात. ताडपत्री घरोघरी असते; शिबिराच्या दिवसांत बर्फाच्या दोन लाद्या भुशात गुंडाळून मैदानावर ठेवायला फार पैसे पडत नाहीत. शिबिराची परवानगी देताना तहसील आणि शिक्षण खात्याने या दोन वस्तू मैदानावर आहेत का, एवढे पाहावे, आणि शिबिरांच्या जाहिराती छापताना आपणही ते विचारावे.

आपले,
व्यायामशिक्षक व तालमी चालवणारे काही जण,
दर्यापूर तालुका, जि. अमरावती